अर्ध्या शहाण्याचं दफ्तर

पेशवाईत साडेतीन शहाणे होऊन गेले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाच्या दरबारातले विठ्ठल सुंदर हे तीन पुरे शहाणे. नाना फडणवीस अर्धे. अर्धे का, तर बुद्धीत ते कुणालाही हार जाणारे नव्हते, पण तलवार चालवणं त्यांच्या प्रकृतीत नव्हतं. ज्या काळात माणसाची किंमत घोड्यावर बसवून ठरवत, त्या काळाने नानांना दिलेले हे गुण आहेत. माझी जवळजवळ सगळी नोकरी बँकेच्या खातेवह्यांत गेली. त्यामुळे असेल कदाचित, पण मला हा हिशेब कधी पटला नाही. नानांचं खरं शहाणपण ज्या जागी होतं ती जागा रणांगणावर नव्हती, फडात होती. फड म्हणजे पेशव्यांची कचेरी, आणि फडणीस म्हणजे त्या कचेरीचा लिहिता हात.

गंमत अशी, की आडनाव इतकं मोठं झालं की हुद्दा त्याच्याखाली झाकून गेला. बाळाजी जनार्दन भानू हे त्यांचं मूळ नाव. जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्याचा. पण भानूंचं घराणं कोकणातलं, बाणकोटच्या खाडीजवळच्या वेळासचं. ही खाडी म्हणजे आपल्या सावित्रीचं तोंड. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपुरावरून, महाडावरून ही नदी बाणकोटला समुद्राला मिळते. कशेडीचा घाट पोलादपूरच्या अंगाने उतरणाऱ्याला तिचं खोरं समोर दिसतं. नानांच्या आयुष्याची सुरुवात आणि त्यातला सगळ्यांत कठीण डाव हे दोन्ही या एका नदीकाठी आहेत, याची आठवण मला त्या वळणांवर नेहमी होते.

श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना जंजिऱ्याच्या सिद्दीमुळे कोकण सोडावं लागलं, तेव्हा वेळासचे भानू बंधू त्यांच्याबरोबर घाटावर निघाले. जी भाकरी मिळेल तिच्यातली चतकोर भानूंची, असा शब्द भटांनी दिला होता, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो-नसो, १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि फडणिशी भानूंच्या घरात आली. नानांचे आजोबा बाळाजी महादेव पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले आणि १७१९ च्या तिथल्या दंग्यात मारले गेले. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले. चौदा वर्षांच्या पोराच्या हाती वडिलोपार्जित लेखणी आली. आज त्या वयाचा मुलगा नववीत असतो.

चार वर्षांनी हा मुलगा भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेला गेला. लढायला नव्हे, तर आई आणि पत्नीसह यात्रेला. मथुरा-वृंदावन झालं आणि पुढे पानिपत आलं. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी हा तरुण जीव घेऊन पळाला. पत्नी वाचली, आई त्या पळापळीत गेली ती कायमची. पुढे नानांनी लहानसं आत्मचरित्र लिहिलं. मराठीतल्या पहिल्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात स्वतःच्या मनाचे दोष, वासना, भीती, पळून येणं, सगळं त्यांनी नोंदवलं आहे. मला ते पुस्तक वाचताना वाटतं, की हा माणूस स्वतःबद्दलही जमाखर्चच मांडतो आहे. नावेची रक्कम लपवलेली नाही.

आता फडाविषयी थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण इतिहासाच्या पुस्तकांत लढाया पानभर असतात आणि दफ्तर ओळभर.

पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेच्या वर कारकून होते. दफ्तराचे मुख्य दोन भाग होते, एक एकबेरीज दफ्तर आणि दुसरं चालतं दफ्तर. चालत्या दफ्तरावर फडणिसाचा अंमल. फडातून हुकूम, सनदा निघत. बेहडा या शाखेत गावोगावच्या उत्पन्नाचा आणि मंजूर खर्चाचा अंदाज बांधला जाई. सरंजाम या शाखेत फौजेचा हिशेब. वर्ष सुरू होताना मामलेदाराच्या हाती अजमास पडे: एवढा वसूल यावा, एवढाच खर्च व्हावा. वर्षअखेरीस त्याचा हिशेब या कागदाशी ताडून बघत. त्याहून वरची पायरी म्हणजे सगळ्या राज्याची जमा, खर्च आणि शिल्लक एकत्र दाखवणारा तरजुमा.

याच्या मुळाशी दोन वह्या होत्या. एक रोजकीर्द, म्हणजे जे घडलं ते तारखेच्या क्रमाने. दुसरी खतावणी, म्हणजे तेच सगळं खात्याच्या क्रमाने. अमुक दिवशी काय काय दिलं, हे पहिलीत सापडणार. अमुक सरदाराला वर्षभरात काय दिलं, ते दुसरीत. घटना एकच, पण तिच्याकडे बघायच्या वाटा दोन. हिशेबाचा कागद मांडायची रीतही बघण्यासारखी. ताव उभा दुमडून त्याचे रकाने पाडायचे. एकूण आकडा आधी वर लिहायचा, त्याखाली बितपशील म्हणून फोड, आणि फोडीतल्या एखाद्या रकमेची आणखी फोड असेल तर ती तिच्याखाली आत सरकवून. घाईत असलेल्या पेशव्याने पहिली ओळ वाचली तरी चालावं आणि शंकेखोर पेशव्याला शेवटच्या रुपयापर्यंत उतरता यावं, अशी सोय.

आणि कुलपं होती. पत्राचा मजकूर संपला, की लेखनसीमेचा शिक्का, म्हणजे त्यापुढे कुणाला एक शब्द घुसडता येऊ नये. कागद दफ्तरी नोंदला गेला, की त्यावर बाराची खूण. परगण्याच्या ठिकाणी तर माणसांचीच कुलपं होती. मामलेदाराच्या हाताखाली दरखदार असत: मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस वगैरे. मुजुमदाराने कागद पाहून पसंत करायचा, मग फडणिसाने त्यावर तारीख घालून तो रोजच्या वहीत चढवायचा, दफ्तरदाराने त्यावरून खतावणी करून महिन्याचा गोषवारा पुण्याला धाडायचा, आणि रोकड पोतनिसाकडे. या दरखदारांना मामलेदार नोकरीवरून काढू शकत नसे. त्यांची नेमणूक वंशपरंपरेची आणि जबाबदारी थेट हुजुराशी. म्हणजे एका माणसाला खोटं लिहायचं असेल, तर त्याला आणखी तिघांना सामील करून घ्यावं लागे. तसं ते करूनही घेत, हा भाग वेगळा. दरबारखर्च नावाची एक बाब असे. आधी ती वरच्यांना द्यायची गुप्त लाच होती. हळूहळू ती इतकी ठरून गेली की हिशेबात उघड लिहिली जाऊ लागली आणि रीतसर तपासलीही जाऊ लागली. मग नव्या लाचेसाठी पुन्हा नवी गुप्त बाब काढावी लागली! आमच्या बँकेच्या तपासनिसांना मी हा किस्सा सांगत असे, तेव्हा ते हसत, पण जरा जपूनच.

ही सगळी व्यवस्था नानांनी शून्यातून उभी केली नाही. नानासाहेब पेशव्यांनी आणि भाऊसाहेबांनी हिशेबाला शिस्त आणली होती, थोरल्या माधवरावांनी ती कडक केली. नानांनी ती पंचवीस वर्षं अखंड चालवली, आणि माझ्या मते चालवणं हे उभारण्याहून कठीण. १८१८ नंतर इंग्रजांनी दफ्तर ताब्यात घेतलं, तेव्हा नानांच्या काळापर्यंतचे कागद किती व्यवस्थित राखले होते, हे त्यांनाही नमूद करावंसं वाटलं.

आमच्या बँकेत संगणक आले तेव्हा शिकवायला आलेला तरुण फळ्यावर चौकटी काढून सांगायचा, की ही टेबल, ही रेकॉर्ड, हे फील्ड, आणि हा फॉर्म, ज्यातून तुम्ही नोंद करणार किंवा बदलणार. माझे जुने सहकारी धास्तावले होते. मला मात्र ते ओळखीचं वाटलं. टेबल म्हणजे रकाने पाडलेला ताव. रेकॉर्ड म्हणजे एक कलम. संगणकाने फक्त मधली नक्कल वाचवली. फडात रोजकीर्दीतून खतावणीत उतरवायला दुसरा कारकून लागे, इथे एकदा लिहिलं की तारखेने मागा नाहीतर नावाने मागा. खरा प्रश्न फॉर्मचा होता. कोणता रकाना कुणाला दिसावा, कुणाला त्यात लिहिता यावं, आणि लिहून झाल्यावर तो कधी बंद व्हावा? हा प्रश्न यंत्राचा नाही, राज्यकारभाराचा आहे.

माझ्या एका भाच्याचं कशेडीच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या बाजूला, ट्रकच्या टायरांचं आणि सुट्या भागांचं दुकान आहे. २०२३ च्या गणपतीत बोगद्याची एक बाजू वाहतुकीला खुली झाली आणि घाट चढणाऱ्या गाड्यांवर चालणारा त्याचा धंदा पातळ होऊ लागला. उधारी गोळा करणं भाग होतं, म्हणून त्याने दुकानासाठी एक प्रोग्रॅम करून घेतला. मालाचं टेबल, गिऱ्हाइकांचं टेबल, उधारीचं टेबल, आणि ते दुरुस्त करायला फॉर्म. दोन महिन्यांत उधारीचे आकडे एकमेकांशी जुळेनात. चोरी कुणी केली नव्हती. दुकानातली पोरं गिऱ्हाईक भांडायला लागलं की जुनी नोंद उघडून आकडा बदलायची आणि जुना आकडा नाहीसा व्हायचा. भाचा म्हणाला, मामा, सगळं कुलूपबंद करून किल्ली मी एकट्याकडेच ठेवतो. मी म्हटलं, कुलूप घाल, पण तुझ्यावर कोण? तू बदललंस तर कळणार कुणाला? शेवटी त्याने अशी व्यवस्था केली की जुनी नोंद कुणालाच, त्यालासुद्धा, पुसता येऊ नये. चूक दुरुस्त करायची तर खाली नवी ओळ लिहायची, आणि लिहिणाऱ्याचं नाव व वेळ आपोआप त्यापुढे यावी.

तुझ्यावर कोण, हा प्रश्न मी नानांच्या चरित्रातून उचलला होता.

थोरले माधवराव होते तोवर फडणिसावर पेशवा होता. माधवराव हिशेबाला करडे, कारकुनाची गय न करणारे. ते १७७२ मध्ये गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बारभाईंनी राघोबांविरुद्ध एकत्र येणं, १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म, वडगाव, सालबाईचा तह. या धामधुमीत एकेक भाई गळत गेला. सखारामबापू कैदेत गेले, नानांचा चुलतभाऊ मोरोबा फडणीस फितुरी करून कैदेत गेला. उरले नाना. गादीवर मूल, कारभारी नाना, आणि फडणीसही नानाच. बँकेत पहिल्या दिवशी शिकवतात की ज्याने व्हाउचर लिहिलं त्याने ते पास करायचं नाही. दौलतीच्या सगळ्या परगण्यांत नानांनी हा नियम पाळून घेतला, आणि पुण्यातल्या एका खुर्चीत तो मोडला. ती खुर्ची त्यांची स्वतःची होती.

याचे परिणाम दिसले. घाशीराम सावळादास हा नानांच्या मर्जीतला कोटवाल. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकामुळे नाना आपल्या पिढीला या प्रकरणातूनच जास्त माहीत. त्या नाटकातले नाना इतिहासातले नव्हेत, हे मान्य. पण रुपयाचा हिशेब घेणाऱ्या दफ्तरात कोटवालाच्या जुलमाचा रकाना नव्हता, किंवा असला तर तो वाचणारं कुणी नव्हतं, हेही मान्य करायला हवं. खुद्द सवाई माधवराव तर नजरकैदेत असल्यासारखेच वाढले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामावर मोठा विजय मिळाला, नानांच्या कारभाराचं ते शिखर. त्याच वर्षी ऑक्टोबरात एकवीस वर्षांचा पेशवा शनिवारवाड्यातून खाली पडून मेला.

आता गादीवर कोण? राघोबांचा मुलगा बाजीराव आला तर बापाचा सूड घेणार, हे नानांना दिसत होतं. त्यांनी दत्तकाचा बेत केला. बाजीरावाने दौलतराव शिंद्यांना जवळ केलं. मग नाना बाजीरावाकडे वळले, शिंद्यांनी पलटी खाल्ली, परशुरामभाऊ पटवर्धनांनी नानांची साथ सोडली, आणि १७९६ मध्ये बाजीरावाच्या धाकट्या भावाला, चिमाजी अप्पाला, गादीवर बसवलं गेलं. नाना तोवर पुण्याबाहेर पडले होते. वाईला धोका वाटू लागताच ते घाट उतरून कोकणात आले. घाटवाटा अडवल्या, प्रतापगडावर शिबंदी भरली, रायगड लढता केला आणि स्वतः महाडात मुक्काम ठोकला.

चौपन्न वर्षांचा माणूस. हुद्दा गेलेला, दफ्तर शंभर मैलांच्या आत पण शत्रूच्या हातात. त्याचं पूर्वजांचं गाव खाली खाडीच्या तोंडाशी, एका भरती-ओहोटीच्या अंतरावर. समुद्रावर इंग्रज, घाटमाथ्यावर शिंदे. दुसरा कुणी असता तर गलबतात बसून निघून गेला असता. नाना महाडात बसून पत्रं लिहू लागले. त्यांनी कुणाला काय हवं आहे याची यादी मनाशी पक्की केलेली असावी, असं घटनाक्रम बघताना वाटतं. शिंद्यांना अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा किल्ला आणि मुलूख. नागपूरच्या रघूजी भोसल्यांना त्यांच्या सोयीचा मुलूख. होळकरांशी संधान. बाजीरावाला गादी. आणि निजामाला, ८ ऑक्टोबर १७९६ च्या महाडच्या तहाने, खर्ड्याला मराठ्यांनी जे कमावलं त्यातला मोठा वाटा परत. पावसाळा संपेपर्यंत चिमाजी अप्पाचं सरकार कोसळलं. परशुरामभाऊ पकडले गेले. डिसेंबरात बाजीराव पेशवे झाले आणि नाना पुन्हा कारभारी.

महाडचं कारस्थान म्हणून या डावाचं कौतुक होतं. रक्त जवळपास न सांडता नानांनी राज्य फिरवलं हे खरंच. पण बँकेच्या माणसाला यात कौतुकाबरोबर एक कळही जाणवते. दीड वर्षापूर्वी हजारो माणसं लढवून मिळवलेली रक्कम त्यांनी एका खुर्चीसाठी नावे टाकली. आणि ज्यांना दिली त्यांच्यापैकी बहुतेकांची पत नव्हती. वर्षभरात, ३१ डिसेंबर १७९७ ला, शिंद्यांच्या फिलोज नावाच्या युरोपियन सरदाराने विश्वासघाताने नानांना पकडलं आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. हा तोच किल्ला, जो नानांनी महाडातून शिंद्यांना देऊ केला होता. १७९८ मध्ये भरपूर पैसा मोजून ते सुटले, पुण्याला परतले, पुन्हा कामाला लागले. पण आता बाजीरावाचा त्यांच्यावर विश्वास नव्हता आणि त्यांचा बाजीरावावर. १३ मार्च १८०० रोजी ते गेले. मागे राहिली जिऊबाई, वय नऊ-दहा वर्षं. हा आकडा वाचताना आजही मान खाली जाते, आणि काळच तसा होता एवढं म्हणून ती वर येत नाही. पुढे इंग्रजांच्या मध्यस्थीने तिला तनखा मिळाला आणि तिने दीर्घ वैधव्य काढलं.

दफ्तराचं वैधव्यही त्याच दिवशी सुरू झालं म्हणायला हरकत नाही. बाजीरावाने महाल मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली बोलेल त्याला परगणा. मक्तेदाराला बेहडा कशाला आणि ताळेबंद तरी कशाला? दोनशे कारकुनांचं दफ्तर ओस पडलं, जुने कागद ज्याला हवे तो घेऊन जाऊ लागला. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने मॅक्लिऑड नावाच्या अधिकाऱ्याला दफ्तर गोळा करायला बसवलं.

त्या कागदांना मग भलतंच मोल आलं. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमलं गेलं आणि ज्याच्या घरी इनाम त्याने हक्क सिद्ध करावा, असा दंडक पडला. दावा खरा का खोटा, हे पेशव्यांच्या दफ्तरात नोंद आहे की नाही यावरून ताडू लागले. कुणाचा आजा-पणजा खरोखर लढून जमीन मिळवून गेलेला, पण नोंद सापडेना, कारण तो कागद बेबंदशाहीच्या वर्षांत कुणीतरी नेला किंवा मुळात चढवलाच नाही. अशांच्या जमिनी गेल्या. २०१७ मध्ये हाताने लिहिलेले सातबारे संगणकावरच्या सातबाऱ्यांशी जुळवण्यासाठी गावोगाव चावडीवाचन झालं. तलाठ्याने एकेक नाव, एकेक क्षेत्र मोठ्याने वाचायचं आणि गावकऱ्यांनी चूक असेल तर तिथेच सांगायची. चुका दुरुस्त करायला तलाठ्यांना संगणकात वेगळा दुरुस्तीचा फॉर्म दिला होता. त्या बातम्या वाचताना मला इनाम कमिशनपुढे कागदाविना उभे राहिलेले ते लोक आठवत होते.

हुजूर दफ्तर १८९१ मध्ये पुण्यात त्यासाठी बांधलेल्या दगडी इमारतीत आलं आणि अजून तिथेच आहे. गणेश चिमणाजी वाडांनी त्यातल्या रोजनिशीतले उतारे काढले, पुढे रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले. तरी बहुतेक कागद अजून रुमालात बांधलेलेच आहेत आणि मोडी वाचणारी माणसं थोडी. रुमाल सोडला, ताव उलगडला, की वरच्या ओळीत एकूण आकडा असतो. खाली, रकान्यात आत सरकवून, तपशील सुरू होतो.